विहीणबाई आल्या आणि मांडव हसला

"हॅलो?... हो, धोंडीराम व्हिडिओवालेच बोलतोय, सिडकोतून... कोण? सरुताई! सटाण्याहून! बरं झालं तुम्हीच फोन केलात. प्रतिभाच्या लग्नाची सीडी मी अशी केलीय ताई, की सांगून कुणाला खरं वाटणार नाही!... बघितली? सगळ्यांनी बसून?... मग?... अहो, रडताय कशाला? लग्नाची सीडी बघून आईला रडू येतंच... मग कशानं रडताय?... कोण हसलं?"

धोंडीरामांनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला केला. डाव्या कानाला कळलं नाही ते उजव्याला कळेल, अशी त्यांना आशा होती.

"थांबा, थांबा. हळू सांगा... विहीणबाई मांडवात येतात. बरोबर... तुम्ही त्यांचे पाय धुता... सनई चाललीय... आणि मग माणसं हसतात?... खदाखदा?... माझ्या सीडीत?... छे हो! शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज असेल... तीनदा मागे नेऊन बघितलं? तिन्ही वेळा हसले?... किती माणसं असतील, अंदाजे?... हॉलभर. हं."

पाय धुताना हॉलभर माणसं हसली तर कुठली विहीण ऐकून घेईल? आणि या विहीणबाई तर मनमाडच्या गोजराबाई. लग्नात नुसतं पंचपात्र चांदीऐवजी पितळेचं निघालं, तर तासभर पंगत थांबवून धरणाऱ्या. धोंडीरामांनी ते शूटिंग स्वतः केलं होतं.

"आत्ता कुठे आहेत त्या?... तुमच्याच ओसरीवर? प्रतिभाला न्यायला आल्यात होय... ताट वाढलंय आणि पाटावर बसत नाहीत... काय म्हणतात?... 'आम्हाला हसायला बोलावलं होतं का? पोरीला ठेवा तुमच्याकडेच'... अरे बापरे. आणि प्रतिभा?... चुलीपाशी. ओक्साबोक्शी... ताई, तुम्ही घाबरू नका. मी बघतो... आता काय बघणार म्हणजे? अहो, ऐका तर!"

धोंडीराम फोनची वायर ताणत कॉम्प्युटरपर्यंत गेले. हा कॉम्प्युटर घेऊन चारच महिने झाले होते. त्यात गाणी ठेवायचं एक सॉफ्टवेअर होतं. धोंडीराम त्याला गाण्यांचं कपाट म्हणायचे. लग्नाचं चित्र जोडायचं ते सॉफ्टवेअर वेगळं. या कपाटातलं गाणं त्याच्यात कसं न्यायचं, ते त्यांना आजवर उलगडलं नव्हतं. म्हणून ते एकीकडे गाणं वाजवायचे, दुसरीकडे चित्र चालवायचे आणि मधे एक वायर खुपसायचे. इकडे वाजेल तो आवाज तिकडे चित्रात भरला जायचा. आणखी काय हवं?

"हां, उघडलं ताई. सनई... सनई... ही बघा, इथंच आहे. जागची हललेली नाही... तिच्याखाली? तिच्याखाली बघतो... अरेच्चा!... काही नाही, काही नाही. तिच्याखाली शाळेच्या गॅदरिंगचा आवाज दिसतोय. नाटकात प्रेक्षक हसल्याचा... मी नाही हो ठेवला! त्या कपाटानं एकदा इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं. मी 'यस' दाबलं. पाहुणा काही विचारतोय तर नाही कशाला म्हणा?... तेव्हा त्यानं कॉम्प्युटरच्या कानाकोपऱ्यातला सगळा माल गोळा करून एकाखाली एक लावला... आता सनई संपल्यावर ते आपणहून खालचं का वाजवतं, हे मला कसं कळणार? मी तर... हॅलो? ताई?... कोण घेतंय फोन?... नको, नको, त्यांना कशाला..."

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. सटाण्याहून दिसत नव्हतं, तरी उभे राहिले.

"नमस्कार, गोजराबाई!... हो, मीच तो... अहो, तुम्हाला कोण हसेल? ऐका. हे यंत्र साधं नाही. अंबडच्या कारखान्यातला मोठा इंजिनियर येऊन बघून गेला. म्हणाला, काका, याला माणसाची पारख आहे. परवा बारशाची सीडी करत होतो, बाळ रडायला लागलं. यंत्रानं आपणहून अंगाई लावली! बाळ गप्प!... सीडीतलं नाही हो, घरात बघत बसलेलं. शपथेवर सांगतो!... आता तुम्ही मांडवात आलात, ती पैठणी, तो रुबाब... यंत्राला आनंद मावेना. ते हसलं. कौतुकाचं हसू ते!... नाही हो, यंत्रही तुम्हाला हसलं असं नव्हे! कौतुक म्हणतोय मी, कौतुक... नका उठू! बसा, बसा!"

प्रकरण सावरण्याऐवजी फाटत चाललंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण गाडी उताराला लागली होती.

"माझा हात? माझा हात कुठेही लागला नाही. मी सनई लावली आणि सबंध वेळ पडद्यासमोर बसून होतो. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. डोळ्यात तेल घालून... काय?... किती मिनिटं हसतात?... चार? घड्याळ लावून मोजलं तुम्ही?... हो, समोरच होतो ना... हो, ऐकू येतं मला, दोन्ही कानांनी... मग चार मिनिटं बंद का नाही केलं? बंद... म्हणजे त्याचं असं, की बटण... बटण आहे हो. मोठं आहे... हॅलो? आवाज तुटतोय तुमचा... स्वच्छ येतोय म्हणता... काय म्हणालात?"

पलीकडून गोजराबाई जे म्हणाल्या, ते ओसरीवरच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. धोंडीराम खाली बसले.

"...हो, बाई. झोपलो होतो."