चालणारी गल्ली

...आणि वर नगरपालिकेतली माणसं मलाच विचारतात, "काका, तुम्ही लोक एवढं चालता, मग बस हवीच कशाला?" आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा! अहो, मी शिंपी माणूस. सकाळी नऊला मशीनवर बसतो तो संध्याकाळी आठला उठतो, मध्ये उठलोच तर बटणांचा डबा सांडला म्हणून. उजवा गुडघा असा की दोन पायऱ्या चढलो की तिसरीवर बसून घ्यावं लागतं. पायडल मात्र मारतो, तिथं गुडघा कुरकुरत नाही, तेवढी अक्कल आहे त्याला. दुकानासमोर बसथांबा होता. बस यायची, गिऱ्हाईक उतरायचं, समोर मीच दिसायचो, कापड टाकून जायचं. सरळ मामला. माणसानं चालावं हो, नाही कोण म्हणतंय?

तर एक दिवस नगरपालिकेच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "काका, आता शहर स्मार्ट होणार, लोक ठणठणीत होणार, धंदा वाढणार, आणि हे सगळं टिकाऊ पद्धतीनं." मी विचारलं, टिकाऊ म्हणजे डबल शिलाई का? त्या माझ्या आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या मनगटावर पावलं मोजायचा पट्टा बांधून मोकळ्या झाल्या. ज्या गल्लीतली माणसं जास्त चालतील ती नकाशावर हिरवी. हिरव्या गल्लीला नवे दिवे, झाडं, फूटपाथ... की गिऱ्हाईक आपोआप. आमची गल्ली लालभडक होती, तुम्हाला सांगतो, नकाशा बघूनच ताप यावा.

आता मनगटावर पट्टा ठेवून शिवून बघा तुम्ही. दोरा अडकतो, कापड ओढलं जातं. मी तो काढला आणि घोट्याला बांधला. संध्याकाळी पट्टा थरथरला आणि बोलायलाच लागला, "अभिनंदन, आज आपण तेवीस किलोमीटर चाललात." आतून ही ओरडली, "कुठं गेला होतात?" म्हटलं, कुठं जाणार, कोटाला अस्तर लावत होतो.

हिनं ते शेजारी सांगितलं, म्हणजे गल्लीभर झालंच. सकाळी पहिले निवृत्त हेडमास्तर हजर. जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळले त्यांनी, आणि मला हळूच म्हणतात, "जरा माझाही पट्टा बांधून घ्या. गल्लीच्या भल्यासाठी हो." मग वाणी, मग न्हावी, मग न्हाव्याचे सासरे... घोट्यावर जागा उरेना म्हणून थेट पायडललाच बांधायला लागलो. चाळीस पट्टे! त्यात शाळांच्या गणवेशांचा हंगाम. माझा पाय चालला की सगळी गल्ली चालायची. पंधरवड्यात आम्ही हिरवेगार. माणसानं चालावं, नाही कोण म्हणतंय?

कोपऱ्यावरच्या मावशी दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना प्रमाणपत्र द्यायला दवाखान्यातून नर्सबाई आल्या. "आजी, या वयात रोज तेवीस किलोमीटर, रहस्य काय?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमचा शिंपी चांगला आहे."

इथवर मजाच होती. मग एका सकाळी दोन माणसं आली आणि त्यांनी बसथांबा बोल्ट काढून उचलून नेला. शेजारच्या दिव्याच्या खांबावर कागद चिकटवला, या गल्लीतले नागरिक सर्वत्र पायी जात असल्यामुळे बस बंद, इंधनाची बचत, गल्लीचं हार्दिक अभिनंदन. आणि ती बस दिली कुणाला? पलीकडच्या आळशी गल्लीला! माझं गिऱ्हाईक आता तिकडं उतरतं आणि तिकडच्या शिंप्याकडं कापड टाकतं. आठवडाभर दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. रडू यायचं बाकी होतं, खरं सांगतो.

म्हटलं, जाऊन खरं काय ते सांगून टाकू. हेडमास्तर म्हणाले, "जा, पण माझं नाव घेऊ नका." मावशी प्रमाणपत्र परत द्यायला तयार नाहीत, फ्रेम केलंय म्हणे. निघालो एकटाच. नगरपालिका चार किलोमीटर, आणि बस तर नाही! दर दुसऱ्या दुकानाच्या पायरीवर टेकत, गुडघ्याची मनधरणी करत, अडीच तासांनी पोचलो. साहेबांना म्हटलं, "साहेब, आम्ही कुणीच चालत नाही. मी शिवतो, पट्टे मोजतात."

साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. त्यावर आमच्या गल्लीपासून त्यांच्या टेबलापर्यंत वाकडीतिकडी हिरवी रेघ. माझ्याच पट्ट्याची! काढायचा राहिला होता घोट्यावरचा. साहेब म्हणाले, "काका, विनय पुरे. खरं सांगायचं तर आम्हालाही शंका होती, तुमची गल्ली चालते भरपूर पण जागची हलत कशी नाही? आज तुम्ही एवढ्या लांब आलात आणि खात्री पटली. फाईल बंद."

मी शेवटचं विचारलं, "साहेब, इथून आमच्या गल्लीकडं काही जातं का?"

म्हणाले, "जातं की. तुम्ही."

गेलो हो. करतो काय?