वीस किलोमागे तीस ग्रॅम

—नाही, पाणी नको. आधी मी बाहेर बाकावर जाऊन बसतो, तुम्ही दार लावा आणि इथेच बसून एक ते वीस आकडे म्हणा. नेहमीच्या आवाजात. हो, आत्ताच. मोठ्यानं नाही, मुद्दाम हळूही नाही.

हं. चौदापर्यंत ऐकू आले, मॅडम. पंधराला खालचं झेरॉक्सचं मशीन सुरू झालं म्हणून, नाहीतर वीसच्या वीस आले असते. बाहेर एक बाई बसल्यात पर्स मांडीवर घेऊन, त्याही ऐकत होत्या — त्यांना वाटलं असेल आत कोणाची तरी उजळणी चाललीय. हसू नका. म्हणजे हसा, पण मला सांगा, हे दार कसलं? प्लायवूडचं, आतून पोकळ. आणि दारावर पाटी काय लावलीय — ‘इथे बोललेलं इथेच राहील.’ राहील कसं? दार राहू देईल तर ना! नाही, मी बसतो, बसतो. पण ही खुर्ची भिंतीकडे घेतो आणि हळू बोलतो. तुम्हाला ऐकू नाही आलं तर हात वर करा.

मी तक्रारखोर माणूस नाही, हे आधीच सांगतो. माझं कामच असं आहे. वजनमापांचा निरीक्षक. दुकानदारांचे काटे तपासायचे, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप लावायचं, चूक सापडली की काट्याला सील. एकतीस वर्षं झाली. आणि आमची एक पद्धत आहे. दुकानात शिरल्या शिरल्या ओळखपत्र काढायचं नाही. आधी गिऱ्हाईक होऊन जायचं — किलोभर काहीतरी घ्यायचं, बाहेर येऊन गाडीतल्या आपल्या काट्यावर टाकायचं, आणि मग परत आत. तेव्हा चेहरे बघण्यासारखे होतात. तर तुम्हा लोकांचंही मी तेच केलं. का नाही करायचं? आरोग्य केंद्राच्या फलकावर यादी लावलीय, ‘आपल्या परिसरातील समुपदेशक’, चार नावं, त्यातलं तुमचं चौथं. कोणी तपासलीय ती यादी? कोणीच नाही. केंद्रातल्या नर्सला विचारलं तर म्हणाली, आम्हाला वरून आली, आम्ही चिकटवली. घ्या. माणूस मनातलं काढून तुमच्यासमोर ठेवणार, आणि खात्री कोणाची? डिंकाची!

पहिला, तो औषधाच्या दुकानामागचा. त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, माझा कुत्रा गेला. अकरा वर्षांचा होता, घरात आता पाऊल टाकवत नाही. मी जन्मात कुत्रा पाळला नाही, मॅडम. हिला कुत्र्याची भीती आहे, हिला म्हणजे बायकोला. पण म्हटलं, खूण करून माल सोडायचा आणि कुठे निघतो ते बघायचं. तो गृहस्थ तासभर मान हलवत होता, फार छान हलवत होता, एकदा तर मलाच वाटलं की आपला कुत्रा खरंच गेला. आणि आठव्या दिवशी न्हावी माझ्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता काय म्हणतो? ‘साहेब, कुत्र्याचं कळलं. फार वाईट झालं. दुसरा आणा लगेच, जीव रमतो.’ आठ दिवस! मी त्या वस्तीत एका माणसाला सांगितलं होतं, फक्त एका. त्याच्या नावापुढे फुली.

दुसरी, ती उद्यानाच्या समोरची. तिच्याकडून काही बाहेर गेलं नाही, हे मान्य. पण पन्नास मिनिटं झाली आणि म्हणे, आपली वेळ संपली. मी घड्याळ दाखवलं. म्हटलं, पाटीवर लिहिलंय एक तास. तर म्हणे, आमच्याकडे तास पन्नास मिनिटांचाच असतो. म्हणजे काय? उद्या दुकानदार म्हणाला आमच्याकडे किलो आठशे ग्रॅमचाच असतो, तर मी काय त्याला नमस्कार करून परत येऊ? पुन्हा नाही गेलो.

तुमचा तास किती मिनिटांचा? — ठीक. निदान आधी सांगितलंत.

नाही, तिसऱ्याचं राहू द्या. तिसऱ्याचं काही नाही. तो बरा होता. तरुण होता, पायात चपला, खोलीत पुस्तकं. त्याची चूक नव्हती. म्हणजे झालं असं की माझ्याकडची खोटी दुःखं संपली. कुत्रा झाला होता, दुसरीकडे नोकरीचा कंटाळा सांगून झाला होता, तिसऱ्यापुढे बसलो आणि काही सुचेना. म्हणून म्हटलं, माझा धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नाही. म्हटलं हेही खोटंच आहे — म्हणजे तो बोलत नाही हे खरं आहे, पण मला त्याचं काही वाटतं हे खोटं. आणि त्यानं एकच विचारलं, ‘शेवटचं काय बोलले ते?’ बस. एवढंच. मला घसा साफ करायला बाहेर जावं लागलं. गेलो तो परत आत गेलोच नाही. छत्री राहिली तिथे.

ती वही मिटा. मिटा म्हणतो ना. नुसतं पेन हातात घेतलं तरी माझं तोंड बंद होतं, आम्हीच लोकांसमोर असं पेन उघडतो. मला माहीत आहे ना समोरच्याचं काय होतं ते.

मला हिनं पाठवलंय. दीड महिना झाला, म्हणते, तुम्ही ताटावर बसता आणि उठता, मध्ये काय झालं तुम्हाला आठवत नाही. माझ्याशी बोलत नाही तर नका बोलू, पण कोणाशी तरी बोला. तिला वाटतं निवृत्तीमुळे आहे. येत्या शनिवारी माझा निरोपसमारंभ, त्यामुळे सगळ्यांना तसंच वाटतं. सगळे पाठीवर हात ठेवतात. ‘आता आराम करा, साहेब.’ मीही मान हलवतो — आता जमते मलाही छान हलवायला.

समारंभात मोठे साहेब भाषण करणार आहेत. ते काय बोलणार ते मला पाठ आहे, कारण पेपरात आलं होतं. ‘सख्ख्या भावाचाही काटा सोडला नाही.’ फोटोसकट. त्याचं कात्रण ऑफिसात मढवून लावलंय, नवा माणूस भरती झाला की त्याला आधी ते दाखवतात. पेपरवाल्यानं मला फोनवर तीन प्रश्न विचारले होते, भावाला एकही नाही. भावाचं दुकान त्याच्या कचेरीपासून चार पावलांवर होतं. जाऊन विचारायला काय झालं होतं? पण छान बातमी होती ना, कोणाला मोडायची होती.

भावाचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, तार, साखळ्या, पत्र्याचे स्क्रू, सगळं वजनावर. नियमानं नातेवाइकाचा काटा आपण तपासायचा नसतो, दुसऱ्या निरीक्षकाला द्यायचा. पण निनावी तक्रार आली होती, आणि मला वाटलं, दुसऱ्यानं जाऊन ‘ठीक’ लिहिलं तर लोक म्हणतील भावाला वाचवला. म्हणून मीच गेलो. भर दुपारी, गिऱ्हाइकं उभी असताना. वीस किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवलं, आमचं प्रमाण वजन. काट्यानं दाखवले वीस किलो तीस ग्रॅम. म्हणजे माल कमी आणि आकडा जास्त, गिऱ्हाइकाच्या खिशात हात. तीनदा ठेवलं. तिन्ही वेळा तीस. मागून एकजण म्हणाला, ‘बघा, काटा मारतो हा.’ आणि मी सील लावलं.

तो काय म्हणाला? तेच तर त्या तिसऱ्या पोरानं विचारलं मला. तो ओरडला नाही. ‘दादा,’ म्हणाला, ‘एकदा तुझं वजन तपासून घे.’ इतकंच. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘माझं वजन सरकारी आहे.’ हशा पिकला. मलाही आवडलं ते वाक्य. पेपरात तेही छापलं होतं.

दोन वर्षं झाली त्याला. काट्याचं सील निघतं हो, महिन्याभरात निघतं. पण ‘काटा मारतो’ हे काही निघत नाही. दीड वर्षात दुकान गेलं. आता तो दुसऱ्याच्या गोदामात माल उतरवून घेतो. बावन्नाव्या वर्षी.

तर. दीड महिन्यापूर्वी — तुम्ही हे कोणाला सांगणार नाही. नाही, तसं नाही, तोंडानं म्हणा. ‘सांगणार नाही’ असं म्हणा. — बरं. दीड महिन्यापूर्वी निवृत्तीआधी सगळी वजनं परत करायची म्हणून ती प्रयोगशाळेत नेली. खरं तर वर्षाआड न्यायची असतात. मी सहा वर्षं नेलं नव्हतं त्या वीस किलोच्याला. जड असतं, लांब असतं, आणि — खरं सांगू? मी तपासनीस, मला कोण तपासणार, असं काहीसं. तिथला तंत्रज्ञ, तोंडात सुपारी, त्यानं तराजूवर ठेवलं आणि म्हणाला, ‘साहेब, हे तर अंगानं सुटलंय.’

मी म्हटलं, काय सुटलंय? तो म्हणाला, तीस ग्रॅम जास्त आहे. कानशीनं एक कोपरा खरवडला त्यानं. रंग, मॅडम. वर काळा, खाली हिरवा, खाली पुन्हा काळा, खाली राखाडी. चार थर. गंज चढू नये म्हणून दर वर्षी मीच द्यायचो — घरी आणून, व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून, ब्रशनं; शेवटचा हात भावाच्या दुकानात जायच्या आधीचा. दुसऱ्या निरीक्षकांची वजनं बघाल तर तांबारलेली, माझं कसं चकचकीत. वजनाला रंग द्यायचा नसतो तपासणीशिवाय, हे मी नव्या लोकांना शिकवतो. शिकवतो! आणि स्वतः मायेनं, हो, मायेनंच म्हणायचं, एकेक हात चढवत गेलो.

काटा बरोबर होता. त्याचा काटा अगदी बरोबर होता.

दुसऱ्या कोणावर त्या वजनानं कारवाई झाली का ते बघितलं मी. दोन रविवार ऑफिसात बसून सगळी रजिस्टरं चाळली. नाही. एकही नाही. बाकीच्या मोठ्या दुकानांचे काटे जुने, शंभर-शंभर ग्रॅमनी पुढे सरकणारे, त्यांना तीस ग्रॅम दिसणारच नाहीत. भावानं नवा घेतला होता, पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा, मीच सांगितलं होतं घे म्हणून. कळतंय का तुम्हाला? सगळ्यांत चांगला काटा त्याचा होता, म्हणून तेवढाच अडकला.

प्रयोगशाळेनं वजन नीट करून शिक्का मारून दिलं. कागदावर एक शब्द, ‘दुरुस्त’. संपलं. कोणाला कळायचं कारण नाही. आणि आता मोठे साहेब म्हणतात, समारंभाला भावालाही बोलवा, दोघांना शेजारी बसवू, लोकांना बघू द्या. हिनं परस्पर फोन केला. आणि तो हो म्हणाला. ‘वहिनी, दादाचा शेवटचा दिवस आहे, येईन मी’ म्हणाला. दोन वर्षं बोलला नाही आणि आता येतोय. येऊन तिथे बसणार, आणि मोठे साहेब माइकवरून सांगणार की ह्याला ह्याच्या भावानं कसा पकडला, आणि लोक टाळ्या वाजवणार, आणि मी हार घालून—

नाही, रुमाल आहे माझ्याकडे. ते तुमचं कागदी नको.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. — ‘आता कसं वाटतंय?’

बरं वाटतंय. हलकं वाटतंय. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं — थांबा. थांबा जरा. ह्यात काहीतरी गडबड आहे. मला हलकं का वाटावं? तुमचं काय नुकसान केलंय मी? तुमचं दुकान गेलं? तुम्हाला लोक काटामारू म्हणाले? तुम्हाला सांगून मी मोकळा होतो आणि तो तिकडे गोणी उचलतोय, हा कुठला हिशेब? आणि मी स्वतःला ओळखतो, मॅडम. आज हलकं वाटलं की शनिवारपर्यंत पुरेल. शनिवारी हार घालून बसेन. मग पुढच्या बुधवारी पुन्हा तुमच्याकडे येईन, पुन्हा हलका होईन, आणि त्याला सांगायचं ते राहूनच जाईल. माझा तुमच्यावर संशय नाही. तुम्ही चांगल्या आहात, चारांत तुम्हीच बऱ्या निघालात. माझा ह्या बरं वाटण्यावर संशय आहे.

किती वाजले? साडेपाच. सहाला सुटतो तो. गोदामाच्या मागच्या फाटकातून निघतो, मला माहीत आहे — दोनदा समोरच्या फुटपाथवर उभा राहून परत आलोय मी.

नको, पुढची तारीख नको. लिहू नका माझं नाव. त्या बाहेरच्या बाईंना आत घ्या, त्या कधीच्या बसल्यात. आणि मला सोडायला येऊ नका, खालपर्यंत अजिबात नको — वाटेत आणखी कोणी दोन गोड शब्द बोललं, तर मी तिथपर्यंत पोचायचा नाही.