कपाटातला स्ट्रायकर

कादंबरीचा शेवट मी आयत्या वेळी का बदलला विचारता ना? सुजीमुळे.

सुजाता आमच्या वाकोल्याच्या चाळीतली, माझी लहानपणची जोडीदार. मुलांसाठी लिहिलेली ती रहस्यकथा आमचीच होती. ऐन फायनलच्या दिवशी मंडळाच्या कपाटातून कॅरमचा स्ट्रायकर गायब होतो आणि दोन पोरं चोर शोधतात. चोर कोण, तर कपाटाची चावी सांभाळणारे काका. खरोखरही मी दहा वर्षांचा असताना सगळ्यांसमोर त्यांच्याकडेच बोट दाखवलं होतं. काकांनी चावी तिथेच ठेवली आणि पुन्हा कधी कॅरमकडे फिरकले नाहीत.

छापायला द्यायच्या आदल्या दिवशी सुजीला शेवट वाचून दाखवला. ती उठून आत गेली आणि तोच स्ट्रायकर आणून माझ्यासमोर ठेवला.

"सुजे, हा तुझ्याकडे?"

"मुलींना बोर्डाला हात लावू देत होतात तुम्ही? म्हटलं, मग कुणीच खेळू नका."

"अगं, माझ्याबरोबर चोर शोधत फिरत होतीस ना!"

"तू एकदम काकांचं नाव घेशील हे काय माहीत? माझी वाट लागली यार."

"काकांना सांगितलंस कधी?"

"लग्नाआधी मी गेले होते त्यांच्याकडे. म्हणाले, तुला घेताना मी पाहिलं होतं."

"मग तेव्हा बोलले का नाहीत?"

"म्हणाले, तुझ्या बापाने तुला फोडून काढलं असतं. आणि त्या पोराला अजूनही सांगू नकोस, त्याची पहिलीच केस आहे."