आधी गुडघा

दवाखान्यात आपला नंबर लागायची वाट बघत पॅकिंग खात्याचे साहेब खांबाआड बसले होते. पलीकडच्या बाकावर त्यांच्याच खात्यातल्या दोघी बोलत होत्या, एक जुनी, एक नवी.

"ताई, आईचं ऑपरेशन आहे, रजा द्या, असं सरळ सांगू?"

"वेडी का तू? आधी साहेबांना गुडघ्याचं विचार."

"गुडघ्याचं?"

"हो. मग ते जिना, मलम, सगळं सांगत बसतात. खुलले की हळूच रजेचा विषय काढायचा. सगळे तसंच करतात."

"आणि नाही विचारलं तर?"

"मागे एकीने नाही विचारलं. वडिलांना शेवटचं बघायचं राहून गेलं तिचं."

साहेबांचा नंबर पुकारला. ते उठले, तशी नवी दचकून उभी राहिली.

"सर! गुडघा कसा आहे?"

"आईचं ऑपरेशन कधी आहे?" त्यांनी खाली बघतच विचारलं.