स्लॅबखालचं जेवण

मंडळी, बसा. मागं भिंतीला टेकून उभी राहिलेली पुढं या, खुर्च्या मोकळ्या हायत.

मी वसंत. धनपालचा पार्टनर. तुम्ही सगळी मला ओळखताच, तरी सांगतोय, कारण सुरुवात कुठनं करायची तेच कळंना. मला बोलता येत न्हाय असं अख्ख्या कोल्हापुरात कुणी म्हणणार न्हाय. मी फोनवर बोलायला लागलो की रस्त्यावरची माणसं वळून बघत्यात. आणि आज हा माइक नुसता ह्या हातातनं त्या हातात फिरवतोय. धनपालच्या घरच्या, आपल्या वहिनी, समोर बसल्यात. त्यांच्याकडं बघून बोलू म्हटलं तर बोलवत न्हाय, आणि बघायचं न्हाय म्हटलं तर कुणाकडं बघू?

हे पार्किंग कुठल्या इमारतीचं हाय, सांगायला नको. आमची पहिली इमारत. मी शोकसभेला हॉल घेऊया म्हणत होतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हॉल कशाला? त्यांनी टाकलेला स्लॅब हाय की." म्हणून इथं बसलोय. जरा वर बघा. बघा की एकदा. इतके पावसाळे गेले, कुठं ओल दिसत्या का? कुठं चीर? धनपाल अजूनबी आपल्या डोक्यावर हाय, असंच मी धरून चाललोय.

आमची वाटणी सरळ होती. काम त्याचं, पैसा माझा. रोज सकाळी साइटसमोरच्या टपरीवर दोन चहा, आणि चहाबरोबर भांडण. लोकांना वाटायचं ही दोघं आज पार्टनरशिप मोडणार. टपरीवाला तर नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "घाबरू नका पावणं, ह्यांचं हे रोजचंच हाय."

एकदा उन्हाळ्यात बोअर आटली आणि धनपालनं नवा स्लॅब पक्का मुरावा म्हणून त्यावर मारायला पाण्याचे टँकर मागवले. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "धन्या, माणसांना प्यायला पाणी न्हाय आणि तू ते विकत घेऊन सिमेंटवर ओततोस?" तर म्हणाला, "वशा, भात अर्धा शिजल्यावर गॅस बंद करतोस का? सिलिंडर महाग झाला म्हणून?" मी म्हटलं, "मग दारातला नळ पितळी कशाला नको म्हणालास? लॉबीत झुंबर कशाला नको म्हणालास? गिऱ्हाईक झुंबर बघून येतंय." तो म्हणाला, "तेच पैसे टँकरला घातले."

असा होता. उधळ्या नव्हता बरं का. उलट माझ्यापेक्षा चिकट. खिळा वाकडा झाला तर ठोकून सरळ करायला लावायचा. काच, रंग, कमान, ह्या दिखाऊ गोष्टींत तो असा हात आखडायचा की गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. पण जे प्लास्टरच्या आत जाणार, जे पुन्हा कधीच कुणाच्या नजरेला पडणार न्हाय, तिथं मी एक रुपया कमी म्हटलं की झालं, चहा तसाच टाकून उठायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथंच यायचा.

आता ते जेवणाचं सांगतो. मुकादम मारुतीभाऊ इथं बसलेत, चुकलं तर टोका.

आपल्याकडं स्लॅब पडला की जेवण असतंय. पद्धतच हाय. टोळी सकाळी नारळ फोडून कामाला लागणार, आणि एका कोपऱ्यात तीन दगडांवर मटणाचं भांडं चढणार. धनपाल जैन माणूस. स्वतः शिवायचा न्हाय, पण टोळीच्या ताटात काय असावं ह्यावर कधी बोलला न्हाय. त्यानं बघितलं ते वेगळंच. दुपार कलली, तांबड्या रश्श्याचा वास वर चढला, की इकडं मालात, म्हणजे कालवलेल्या काँक्रीटात, पाणी वाढायचं. घट्ट माल ओढायला वेळ लागतोय. पातळ केला की आपोआप पळतोय. काम लवकर उरकतंय, जेवण गरम मिळतंय. आणि त्या जादा पाण्यानं स्लॅब जन्मभराचा कच्चा राहतोय.

त्यात वाईट मनाचं कुणी नव्हतं हो. भूक लागलेली असायची.

एके दिवशी त्यानं जाहीर केलं. आजपासनं स्लॅब पडल्यावर जेवण न्हाय. सेंट्रिंग निघाल्यावर जेवण. म्हणजे खालच्या फळ्या, टेकू सगळे काढल्यावर, स्लॅब आपल्या पायावर उभा राहिल्यावर. आणि ज्यांनी टाकला त्यांनीच त्याच्याखाली पंगतीला बसायचं. मारुतीभाऊ भडकले. "अण्णा, त्येवढ्या दिवसांत आमची टोळी कुठं कागलला असंल, कुठं कुरुंदवाडला असंल. जेवायला काय उडत यायचं?" धनपाल म्हणाला, "टेम्पो धाडतो." मारुतीभाऊ म्हणाले, "आणि खाली न्हाय बसलो तर?" धनपाल हसला. "तर मला कळंल काय ते."

व्हय की न्हाय मारुतीभाऊ? मान हलवत्यात बघा.

तेव्हापासनं टेम्पो जायचा. टोळी यायची. आपण टाकलेल्या स्लॅबखाली मांडी घालून बसायची, वर बघत बघत भाकरी मोडायची. धनपाल पंगतीच्या शेवटाला झुणक्याचं ताट घेऊन बसायचा. मी हिशेब मांडायचो, टेम्पोचं भाडं, दोनदा स्वयंपाक, आणि त्याच्या नावानं बोटं मोडायचो. पण सांगतो, मीबी त्याच पंगतीत बसायचो.

आता कागल रोडच्या साइटचं बोलायला लागंल. फ्लॅट घेतलेली बरीच मंडळी इथं हायत. कुणाला बोल लावायला मी उभा न्हाय. पण जे झालं ते तुमच्यासमोर मांडल्याशिवाय धनपालबद्दल मी काय बोलू? त्याचे शेवटचे दिवस त्यातच गेलेत.

वरचा स्लॅब ठरला आणि आदल्या दिवशी धनपालच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी. मी म्हटलं, "पुढं ढकलतो." तो म्हणाला, "नको. लोकांचे हप्ते चालू हायत, घरभाडी चालू हायत. टाकू दे." म्हणजे हो त्यानंच म्हटलं. मी दवाखान्यातच राहिलो. आणि साइटवर आपले शिंदे सर गेले. सरांनी तिथं फ्लॅट घेतलाय. आपल्या घराचा स्लॅब पडतोय, आपल्याकडनं टोळीला काहीतरी गोड नको का? पण आपलं कोल्हापूर. गोड म्हणजे मटण. सर घरनं भांडं, मसाला, सगळं घेऊन गेले. स्वतः चुलीपुढं बसले. पद्धत बदललेली त्यांना काय माहीत? वास वर गेला आणि मालात पुन्हा पाणी वाढलं.

सर, मान वर करा. तुम्ही प्रेमानं केलं. धनपालनंबी हेच म्हटलं होतं.

दवाखान्यातनं सुटून तो पहिल्यांदा घरी गेला न्हाय. वहिनींना विचारा. थेट साइटवर. सेंट्रिंग निघालं होतं. बीमच्या पोटाला खडी उघडी पडलेली, बोट जाईल एवढी भोकं. काँक्रीटच्या ताकदीचा रिपोर्टबी कमी आला. त्यानं बीमवर तळहात ठेवला आणि बाहेर येऊन वाळूच्या ढिगावर बसला. मी म्हटलं, "आत ये, ऊन लागंल तुला." तो म्हणाला, "बाहेरच बरं हाय." तेव्हाच मी समजलो.

तो म्हणाला, "वशा, हा पाडायचा."

आणि मी न्हाय म्हटलं. आजबी सांगतो, माझं चुकलं असं म्हणायला मी इथं उभा न्हाय. बीमचं गणित मांडणारा डिझायनर म्हणत होता, बीमना बाहेरनं जाड करू, चालून जाईल. पाडायचं म्हणजे मजुरी वाया, लोखंड वाया, पुन्हा सगळं पहिल्यापासनं. ताबा लांबणार. तुमचे हप्ते, तुमचं भाडं, दोन्ही तुमच्याच डोक्यावर. हे मी बोलायचं न्हाय तर कुणी बोलायचं? ते माझंच काम होतं.

मग तुमची बैठक झाली. आठवत्या का? किती आरडाओरडा. एक जण म्हणाला, "तुमच्या चोखपणापायी आमची पोरं रस्त्यावर येतील." खोटं होतं का ते? न्हाय. दुसरा म्हणाला, "प्लास्टर मारा की, झाकली मूठ सव्वा लाखाची." धनपाल सगळं ऐकत होता. चेहरा पांढरा पडलेला. शेवटी उठला आणि एवढंच विचारलं, "त्या स्लॅबखाली माझ्याबरोबर जेवायला कोण बसणार? हात वर करा."

एकबी हात वर झाला न्हाय. पण पाडा म्हणूनबी कुणी बोललं न्हाय. सगळी गप्प. मीबी गप्प. तो दोन्ही हात जोडून निघून गेला. आणि त्याच आठवड्यात आपल्याला सोडून गेला.

मंडळी, त्या दिवशीच्या गप्प बसण्याचा अर्थ काय होता? मला अजून उलगडलेला न्हाय. त्याला तरी उलगडला असंल का?

मघाशी माझ्याआधी जे बोलले, त्यांनी चांगली सूचना मांडली. कागल रोडच्या इमारतीला धनपालचं नाव द्यायचं. काम लवकर पुरं करायचं, हीच श्रद्धांजली. टाळ्या वाजवायची जागा न्हाय म्हणून कुणी वाजवल्या न्हाईत. परवा त्यांनी ती मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मलाबी वाटलं, वा, नाव देऊ. आणि मघाशी बाजूला येऊन एक जण कानात म्हणाला, "वसंतराव, आता अडवणारा कोणी न्हाय. उरकून टाका." तो माणूस वाईट न्हाय. त्याच्या घरात आजारी आई हाय आणि भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय. त्याला काय उत्तर देऊ मी?

काल वहिनींना हे नावाचं सांगायला गेलतो. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "चांगलं हाय भावजी. वास्तुशांतीला बोलवा, मी येते." मग त्यांनीच विचारलं, "पण मला पंगतीला बसवणार कुठं?"

मी चपला घालून बाहेर पडलो. आज सकाळी टपरीवर गेलो. त्या येड्या टपरीवाल्यानं सवयीनं दोन चहा ठेवले. मी समोरच्या चहाकडं बघत मनातल्या मनात भांडण सुरू केलं. म्हटलं, धन्या, पैसा कुठनं आणू? समोरचा चहा तसाच गार झाला. आणि बघा, पहिल्यांदा मला माझंच म्हणणं पटंना. गवंडी भिंतीला दोरी लावतोय ना, तिची दोन टोकं दोघांनी ओढायला लागत्यात. मी इतकी वर्षं माझं टोक ओढलं, कारण पलीकडनं तो ओढत होता. आता मी ओढलं तर सगळी दोरी माझ्याच अंगावर येत्या. म्हणून भीती वाटाय लागलीया मला. माझीच.

तर आता सांगतो. माझा शिरोलीकडचा प्लॉट मी विकायला काढतोय. त्यात सगळं भागणार न्हाय. तुम्हाला थांबावं लागंल. किती, ते आज छातीठोक सांगणार न्हाय, खोटं बोलायची ही जागा न्हाय. कुणी किती सोसायचं ह्यावर आपण भांडू, मला भांडता येतंय. पण स्लॅब पाडल्यावर भांडू. आणि त्याच्याआधी त्या इमारतीवर त्याच्या नावाचं एक अक्षरबी लागणार न्हाय.

आता आपण दोन मिनिटं त्याच्यासाठी उभं राहायचं हाय. पण त्याच्याआधी एक. ज्याला हे मान्य न्हाय त्यानं आत्ता इथं यावं आणि ह्या माइकवर बोलावं. मी थांबतो. मनापासनं सांगतोय, रागावणार न्हाय. तुमचा हक्क हाय तो.

कुणी हाय का?

सर, तुम्ही? ... न्हाय. बसा.

बरं. मग उठूया. त्या बैठकीत तुम्ही गप्प बसलात तेव्हा त्याला काय समजायचं ते कळलं न्हाय. आजची शांतता मात्र मी "पाडा" अशीच धरणार. उद्या सकाळी स्लॅब फोडणारे ब्रेकरवाले साइटवर येतील. मारुतीभाऊ, नवा स्लॅब तुमचीच टोळी टाकंल. टेम्पो मी धाडतो.

वहिनी, तुमचं पान त्याच पंगतीत, तो बसायचा तिथं.

धन्या, तुझं जेवण राहिलंय. सेंट्रिंग निघाल्यावर घालतो. जय जिनेंद्र.

उभं राहा, मंडळी. आता कुणी बोलू नका.