आपला माणूस निघाला तरी

परक्या शहरातल्या भरलेल्या बसमध्ये मराठी शब्द कानावर पडले आणि कामावरून परतणाऱ्या वायरमनने झटकन मान वळवली. मागच्या सीटवर एक मुलगी आणि नुकतीच तिच्याकडे राहायला आलेली तिची आई बसली होती.

“आई, तो पुढचा माणूस सारखा वळून बघतोय.”

“बघू दे. औषधाच्या दुकानापाशी उतरलो की आलंच ना तुझं घर?”

“कोणी असं बघत असलं की मी तिथे उतरतच नाही. तशीच पुढे जाते आणि गर्दीच्या रस्त्याने परत येते.”

“बाई बाई! एवढं सांभाळून राहतेस?”

“राहावं लागतं. आणि तू काल भाजीवाल्याला खाणाखुणा करून आपला मजलासुद्धा सांगून आलीस!”

“अगं, चांगला होता बिचारा.”

वायरमनला राहवेना.

“मावशी, घाबरू नका, मी आपल्याकडचाच. किती दिवसांनी मराठी ऐकलं म्हणून बघत होतो.”

“अगबाई! आपला माणूस निघाला की!”

“कुठे राहता तुम्ही?”

मुलगी काही बोलायच्या आत आईनेच उत्तर दिलं.

“फार लांब, बाबा. पार शेवटच्या स्टॉपला. आणि तू?”

“हे औषधाचं दुकान आलं ना, इथेच.”

“बरं, जपून जा हो.”

तो हसत दाराकडे सरकला. मागून आवाज आला.

“आई! शाब्बास!”

“मग? आई कोणाची आहे! पण चांगला होता गं बिचारा.”