काचेआडचा जयभीम

…आणि वर हाच प्रमोद मला म्हणतो, "एसीचा गॅस उडाला आसंल." तिसऱ्यांदा! गॅस म्हणजे काय कबूतर आहे, दर आठवड्याला उडायला? तुम्हाला सांगतो, शाळेत एका बाकावर बसलो आम्ही, पिरंगुटला त्यानं गॅरेज टाकलं तेव्हा नारळ मी फोडला, आणि तोच जर असा… विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

तुम्ही म्हणाल, एसीवाचून काय अडलंय या सिद्धांतचं? अहो, माझं पोट चालतं त्यावर. आमच्या मुठा गावात वीकेंड होमचे प्लॉट दाखवतो मी. बाणेर-सूसची माणसं गाडीत घालून आणायची, आणि ऐन एप्रिलात ब्लोअर फुल सोडला की चुलीपुढं बसल्यासारखी झळ. उरवडे येईपर्यंत मॅडम ओढणीनं वारा घेतायत, साहेब विचारतायत, "थंड हवेचं ठिकाण म्हणाला होतात ना?" की तिथूनच गाडी माघारी. दोन पार्ट्या अशा गेल्या. मग कंपनीनं सांगून टाकलं, या महिन्यात एक तरी बुकिंग आण, नाहीतर घरी बस.

प्रमोदकडे गाडी नेली की एसी चार दिवस गारेगार, पाचव्या दिवशी ठप्प. शेवटी परवा सूसला एका अनोळखी मेकॅनिकला थांबवलं. त्यानं बॉनेट वर केलं, फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघून हसला. "भैया, गैस, कंप्रेसर, सब बढ़िया है. एसी का फ्यूज ही नहीं है. किसी ने निकाला है."

निकाला है? तडक प्रमोदकडे. तो हातातल्या पान्याकडे बघत बोलतो, "आबांनी शपथ घातलीया रं. ते काढत्यात, मी बसवतो. तुझं बी समाधान, त्यांचं बी समाधान."

आबा. माझा जन्मदाता बाप. विश्वास ठेवायचा तरी कुणावर, तुम्हीच सांगा!

घरी आलो, म्हटलं, "आबा, फ्यूज?" निदान नाही तरी म्हणायचं, पण छे. "व्हय, मीच काढतो. काचा लावून जातुयास गावातनं. कोंडिबानं पारावनं जयभीम घातला, तू म्होरं निघून गेलास. म्हातारा हात वर करून तसाच ऱ्हायला. मला म्हणला, तुमचं पोरगं लई मोठं झालं. एसी बंद पडला की काचा खाली येत्यात. कुणाचा जयभीम वाऱ्यावर सोडू न्हाई."

अहो, मला दिसलेच नाहीत कोंडिबानाना! मी साहेबांना स्विमिंग पूल कुठं होणार ते समजावत होतो. लाज वाटली, खोटं कशाला बोलू… पण राग त्याहून मोठा. म्हटलं, द्या माझे फ्यूज. तर आबा बघतायत गौतमीकडे. गौतमी म्हणजे माझी लग्नाची बायको. तिनं मसाल्याचा डबा काढला, मोहरीच्या वाटीतून तीन फ्यूज उचलले, माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "आबांचं बराबर हाय की." विश्वास ठेवायचा तरी… जाऊ द्या.

शेवटी तह झाला. गावाबाहेर एसी, गावात काचा खाली.

रविवारी नवी पार्टी. सूसपासून गाडी नुसती गारेगार, साहेब खूश, मॅडमना तर डुलकी लागलेली, बुकिंगचा फॉर्म माझ्या खिशात तयार. गाव आलं. शब्द दिलेला, चारी काचा खाली. इकडून जयभीम, तिकडून जयभीम, मीही हात जोडतोय, आणि कोंडिबानाना पारावरून उठून काठी टेकत थेट साहेबांच्या खिडकीशी. "जागा बघाय आलाय जणू? बघा की, डोंगर झ्याक दिसतुया. पाण्याचं तेवढं बघा हां पावनं, मार्चपासनं टँकर हाय."

परतीच्या वाटेला काचा वर. बुकिंगचा फॉर्म तसाच माझ्या खिशात. बाणेरला साहेब उतरले, दार लावता लावता थांबले आणि अगदी मनापासून म्हणाले, "एसी मात्र अप्रतिम आहे हो तुमचा."